सात वाजताची खिडकी

माझ्या वाशीमच्या घरमालकांनी मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. ते वेळ सांगायचे. खोलीची कौलं गळतात म्हटलं की, "पाहू ना बाई, सातच्या नंतर." जिन्याची पायरी मोडली आहे म्हटलं की, "सातच्या नंतर." मी वर कांद्याची फोडणी टाकली आणि वास खाली गेला, की जिन्यातून आवाज यायचा, "बाई, थो कांदा सातच्या नंतर जमन काय?" आणि सातनंतर हा माणूस अशा काही उद्योगात असायचा की त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तोंडावर नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. असा गोड माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छाही नाही.

गाव त्यांना तोंडावर शेटजी म्हणायचं आणि पाठीमागे टीव्हीशेट. मंदिराच्या रस्त्यावर त्यांचं वडिलार्जित कापडाचं दुकान होतं, दुकानाला लागून घर, आणि घराच्या वरची एक खोली माझी. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, साताऱ्याकडून बदलून आलेली. खाली शेटजी, त्यांची बायको, जिला आम्ही सगळे काकू म्हणायचो, आणि त्यांची एकुलती एक मुलगी त्रिशला. गोष्ट सत्तरनंतरच्या वर्षांतली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं आणि टीव्ही नावाची वस्तू सबंध गावात एकाच माणसानं पाहिलेली होती.

ती त्यांनी अँटवर्पला पाहिली होती. मुंबईच्या कुणा ओळखीच्या जैन व्यापाऱ्यानं त्यांना तिथल्या हिऱ्यांच्या कचेरीत कारकून म्हणून नेलं होतं. बायको-मुलगी वाशीमला आणि हे समुद्रापलीकडे, असं काही वर्षं चाललं. वडील वारले तेव्हा दुकान सांभाळायला परत आले. गावाला वाटलं, माणूस बेल्जियमहून आला आहे, निदान एक घड्याळ तरी आणील. शेटजींनी काही आणलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात तिथली डच भाषेतली सरकारी टीव्ही वाहिनी होती, सगळीच्या सगळी, सुरुवातीच्या सुरावटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत.

ती वाहिनी त्यांनी कापड फाडता फाडता गिऱ्हाइकांना सांगितली, मंदिरात सांगितली, न्हाव्याकडे सांगितली. मला तर ती पाठ झाली. त्या देशात दोन भाषा. फ्रेंच साहेबलोकांची, आणि डच शेतकऱ्यांची, मजुरांची. टीव्ही आला तेव्हा दोन्ही एकाच छपराखाली नांदत होत्या, पण डचवाल्यांच्या वाट्याला कायम धाकट्या जावेचं दुःख. मग ते भांडले, वेगळे निघाले, आपलं नाव लावलं, आपलं चिन्ह केलं. आधी चिन्ह म्हणून मनोरा दाखवायचे, मग नावाची अक्षरं, मग अक्षरंही आटवत आटवत नुसता एक आकार. "बाई, आकार दिसला का पोट्टंबी ओयखते, हे आपलं घर हाय म्हणून!" हे सांगताना शेटजींचे डोळे भरून यायचे. तो अनोळखी देश, ती अनोळखी भाषा, आणि त्यात या वऱ्हाडी माणसाला आपलं काहीतरी सापडलं होतं. मीही सुरुवातीला भारावले होते, खोटं कशाला सांगू. शाळेत माझ्या मुली 'मले, तुले' म्हणाल्या की तपासणीला येणारे साहेब हसायचे. त्यामुळे धाकट्या भाषेनं स्वतःचं घर मांडलं, ही गोष्ट मला फार आवडली होती.

तिथल्या खोलीची मालकीण एक म्हातारी होती. तिच्यासोबत ते रोज संध्याकाळी टीव्ही पाहायचे. या म्हातारीचा एक किस्सा ते हमखास सांगत. पडद्यावरची निवेदिका डचच बोलायची, पण घासूनपुसून बोलायची, म्हातारीच्या घरच्या बोलीसारखी नाही. वर त्यांचा एक कार्यक्रमच असा होता, की ज्यात लोकांना शुद्ध कसं बोलायचं ते शिकवत. म्हातारी टीव्हीवर खेकसायची, "माझ्याच घरात येऊन मलाच बोलायला शिकवते!" शेटजी हे सांगून पोट धरधरून हसत. किस्सा त्यांना तोंडपाठ होता. कळला मात्र कधीच नाही.

परत आल्यावर त्यांनी रस्त्याकडच्या खोलीची खिडकी काढून मोठी केली. सुताराकडून गोल कोपऱ्यांची लाकडी चौकट बसवून घेतली, तिला काळा रंग दिला, आतून पांढरा पडदा, वर एक मोठा बल्ब. या खिडकीला ते 'केंद्र' म्हणत. संध्याकाळी जैनांच्या घरात जेवणं दिवस मावळायच्या आत उरकलेली असत. मग काकू पाट उचलायच्या, शेटजी कोट चढवायचे, आणि बरोबर सातला चौकटीत दिवा लागायचा. आधी चिन्हाची पाटी. मग हातानं काटे फिरवलेलं पुठ्ठ्याचं घड्याळ. मग पडदा सरकायचा आणि त्रिशला दिसायची, कमरेपासून वर, केसांत फूल, हात मांडीवर.

"नमस्कार. वाशीम केंद्र आपलं स्वागत करत आहे."

भोंगा नव्हता. शेटजींना भोंग्याचा तिटकारा. ते म्हणायचे, "भोंगा बजारात बोलते, टीव्ही घरात बोलते." त्यामुळे ऐकायचं तर खिडकीजवळ येऊन गप्प उभं राहावं लागे. आणि लोक यायचे! हमाल, भाजीवाल्या, कोर्टातले कारकून, एसटी चुकलेले खेड्यावरचे लोक. त्रिशला सांगायची, उद्या नळ कधी येणार, कापसाचा भाव काय निघाला, कुणाची म्हैस सुटली आहे, कुठली गाडी उशिरा आहे. मधूनच शेटजी बाजूनं पाट्या सरकवायचे. एखादी पाटी अडकली, दिवा गेला, तर त्यासाठीही एक खास पाटी होती. ती तिथल्या वाहिनीवरून जशीच्या तशी उचललेली: 'थोडं थांबा. दोष आमचा आहे.' या पाटीचा त्यांना सगळ्यांत जास्त अभिमान. "काय माणसं असतीन बाई थे! तुमची पेटी नाही बिघडली, आमचं चुकलं, असं सोताहून सांगतेत. आपल्या इकडे कोनी सांगते काय?" मी मान डोलवायची. खरंच कोणी सांगत नाही.

कोटाखाली शेटजी पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि स्लीपर घालत, कारण चौकटीत तेवढं दिसत नसे. काकूंनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "चौकटीत नाही, थे नाहीच." हे त्यांचं आवडतं वाक्य. पायजम्यापुरतं ते ठीक होतं.

त्रिशला मात्र त्या चौकटीपेक्षा फार मोठी होती. मॅट्रिक झालेली, सावळी, डोळ्यांत खट्याळपणा. तिचा आवाज मी कसा सांगू? गरम भाकरीवर तूप सोडावं तसा तो माणसाच्या आत उतरत जायचा. आणि हजरजबाबी अशी, की म्हैस हरवलेल्या म्हाताऱ्यानं खालून विचारलं, "पोरी, सापडन काय वं माई म्हैस?" तर ही निवेदन सोडून म्हणायची, "सापडन ना बावा, कोठी जाते! उपाशी असन तर सोताच घरी येईन. तुमीबी जेवून घ्या." रस्ता खळखळून हसायचा, म्हातारासुद्धा हसायचा. ते खरं केंद्र होतं. ते लोकांचं होतं.

पडद्यामागून शेटजींची छडी टेबलावर आपटायची. टक. शुद्ध बोल. त्रिशलाचा चेहरा बदलायचा, पाठ ताठ व्हायची, "महिषी हरवल्याची वार्ता प्राप्त झाली आहे," असलं काहीतरी ती वाचायला लागायची आणि लोक पांगायचे. मी एकदा न राहवून त्यांना म्हटलं, "शेटजी, ती अँटवर्पची म्हातारी आठवते ना? तिचंच ऐका जरा." ते खूश झाले. त्यांना वाटलं मला किस्सा परत ऐकायचा आहे. मी सगळा परत ऐकला.

मग चिन्हाचं खूळ आलं.

केंद्राला स्वतःचं चिन्ह हवं. शेटजी आठवडेच्या आठवडे कागद रंगवत बसले आणि शेवटी एका आकारावर आले: लालभडक त्रिकोण, टोक खाली. का, तर रत्नत्रय. सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र्य, असे तीन कोपरे. टोक खाली का, तर वरून येतं आणि खाली लोकांपर्यंत पोचतं. विचार सुंदर होता. फक्त तेव्हा आणीबाणी होती आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, टोक खाली, गावातल्या दवाखान्यावर, जीपवर, भिंतीभिंतीवर होता. आम्हा मास्तरांनासुद्धा नसबंदीला माणसं आणा म्हणून तगादे लागले होते. खेड्यावरची तरणी माणसं त्रिकोण रंगवलेली जीप दिसली की तुरीच्या शेतात पळत होती. आणि अशा दिवसांत आमच्या शेटजींनी वडिलांच्या नावाची जुनी पाटी दुकानावरून उतरवली, आणि अक्षर नाही, शब्द नाही, नुसता लाल त्रिकोण चढवला. अक्षरं आटवून नुसता आकार! अँटवर्पवाल्यांनी केलं तसंच.

मानोरा गावाकडच्या बंजारा तांड्यावरचा एक म्हातारा नाईक दरवर्षी लग्नसराईला त्यांच्याकडे कापडाला यायचा. तो त्या वर्षीही आला, मागे दोन तरणे पोरगे. पायरीशी येऊन वर बघत उभाच राहिला.

"शेट, तुमीबी त्याच्यात गेले काय?"

"कशात? अरे नाईक, आत या ना. भाहीर काहून उभे?"

"आत काय हाय?"

"कापड हाय बावा. दुसरं काय राहीन?"

"डाक्टर त नाही?"

शेटजींनी दुकानात बसवून त्याला अँटवर्प सांगायचा बेत केला असणार, कारण ते लगबगीनं गादीवरून उठले. शेटजी उठले आणि दोघे पोरगे पळाले. म्हाताऱ्याचं तर वय झालेलं, त्याला कसली भीती. पण पोरांना हाका मारत तोही गेला. त्या लग्नसराईत मानोऱ्याकडचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं ते कायमचं. मी जिन्यातून हे पाहत होते आणि हसू आवरत नव्हतं. पुढे काय येणार याची कल्पना असती तर हसले नसते.

काकू रात्रभर कुढल्या. सकाळी म्हणाल्या, "अवो, रंग तरी बदला. निळा करा."

"चिन्ह लोकायसाठी बदलत नसते. लोक चिन्हाले शिकतेत. वेळ लागते."

"किती येळ?"

"पाहू," शेटजी म्हणाले.

आता हे सगळं मी वेडेपणाच्या खात्यात टाकून विसरून गेले असते. वेडी माणसं मला आवडतात. पण तिकडच्या वाहिनीला चिन्ह होतं तसा चेहराही होता. निवेदिका हाच वाहिनीचा चेहरा, तिला रस्त्यात थांबवून लोक नमस्कार करत, तिचे फोटो लोक घरात लावत, असं शेटजी सांगायचे. त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. दुकानाच्या कापडी पिशव्यांवर आणि एसटी स्टँडच्या रस्त्यावरच्या लांबलचक भिंतीवर त्रिशलाचा हसरा चेहरा निघाला, आणि त्याच्या डोक्यावर लाल त्रिकोण. खाली एकही अक्षर नाही. त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सरकारी त्रिकोण आधीपासून होता. येणाऱ्या-जाणाऱ्यानं दोन्ही एकत्र वाचले, दुसरं काय होणार?

त्रिशलाला विचारलं नव्हतं. तिनं ते पाहिलं ते एका गाडीवाल्याच्या हातातल्या पिशवीवर.

पहिल्या दिवशी पोट्ट्यांनी नुसतं खाकरून दाखवलं. मग नाव पडलं. 'नसबंदीवाली.' ती भाजीला निघाली की पानाच्या टपरीवरून कुणीतरी म्हणायचं, "बापा, लपा रे, आली!" मग गोष्टी याहून घाण झाल्या, त्या मी लिहिणार नाही. कारंज्याचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलाचा मामा एसटीतून उतरला, स्टँडच्या रस्त्यानं चालत आला, भिंतीवरची मुलगी बघितली, आणि घरी चहासुद्धा न घेता परतला. संध्याकाळी सातला तीच त्रिशला केसांत फूल माळून चौकटीत बसायची. गर्दी वाढली होती. पण आता ती ऐकायला आलेली नव्हती.

मी खाली जाऊन शेटजींना सांगितलं. गावात पोरीला काय काय म्हणतात ते शब्दाशब्दानं सांगितलं. मला वाटलं, बाप आहे, पेटून उठेल. ते पाटीवर ब्रश फिरवत होते. म्हणाले, "बाई, थे भाहीरचं हाय. चौकटीत काही वंगाळ दिसते काय?"

"शेटजी, मुलगी चौकटीत राहत नाही. गावात राहते."

"चौकटीत नाही, थे नाहीच," ते हसून म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा डबा त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला, लाल रंगाचा. ओतला असता तर बरं झालं असतं.

नागपूरच्या रेडिओचे एक साहेब आमच्या गावी आले ते कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घ्यायला. त्यांची जीप आमच्याच रस्त्यावर बंद पडली. गर्दी दिसली म्हणून तेही जाऊन उभे राहिले. त्या दिवशी शेटजींना पडसं झालं होतं, छडी आपटायला ते पडद्यामागे नव्हते. त्रिशला एकटीच होती आणि मोकळी होती. तिनं गाडीच्या वेळा सांगितल्या, भाव सांगितले, एका आजीच्या नातवाला खिडकीतूनच दटावलं, एका टवाळ पोराला असं उत्तर दिलं की त्याचेच मित्र त्याला हसले. कार्यक्रम संपेपर्यंत साहेब हलले नाहीत. मग थेट घरात आले. म्हणाले, "या मुलीला सोमवारी सकाळी नागपूरला आणा. आवाजाची चाचणी घेतो. आमच्या गावकऱ्यांच्या कार्यक्रमाला अशी मुलगी आम्ही शोधतो आहोत. आणि मुली, हे बघ, तू आत्ता बोललीस ना, तशीच बोल. पुस्तकातलं नको."

त्या रात्री त्रिशला वर माझ्याकडे आली. उंबऱ्यातच बसली. चटईच्या काड्या उपटू लागली.

"बाई, रेडिओत तोंड नाही ना दिसत?"

"नाही गं. नुसता आवाज."

"मंग मले जायचंच हाय," ती म्हणाली. "मले कोठीबी जायचं हाय जथी माहं तोंड नाही दिसणार."

मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, मीच रडले. मी सांगितलं, मी येते बरोबर. नागपूरला माझी मावसबहीण आहे, तिच्याकडे उतरू. रविवारी दुपारच्या एसटीनं निघालं की मुक्काम करून सोमवारी सकाळी रेडिओवर हजर. काकूंनी ऐकलं आणि गुपचूप एक चांगलं पातळ इस्तरीला काढून ठेवलं. तिघींचं ठरलं. उरला एकच माणूस, आणि तो तर कशालाच नाही म्हणत नव्हता.

म्हणालेही नाहीत. रविवारी दुपारी जेवताना त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जाय ना. चांगलं हाय. मोठं केंद्र हाय थे. जाय."

त्रिशलाचा चेहरा असा उजळला की मला आजही आठवतो.

"फक्त सातचं करून जाय," शेटजी म्हणाले.

सातनंतर वाशीमहून नागपूरच्या बाजूला जायला काहीही नव्हतं. शेवटची गाडी सहाच्या आत निघायची. हे शेटजींना माहीत नसणं शक्य नव्हतं. त्या गाड्यांच्या वेळा रोज त्यांच्याच पाटीवर असत.

"बाबा, गाडी नाही राहत तवा," त्रिशला म्हणाली.

"मंग सोमवारी सकायी जा."

"सकायी पोचनंच होत नाही बाबा. चाचणी सकायचीच हाय."

"पाय बेटा, केंद्र एकबी दिवस बंद राह्यलं नाही. तुह्या आईचे बाबा गेले तवाबी नाही. तिकडं निवेदिका ताप असला तरी येते. लोक सातले येतीन. त्यायले मी काय दाखवू?"

"मी बोलते त्यांच्याशी," मी म्हटलं. "एक दिवस मी बसते तुमच्या त्या खिडकीत."

त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं! "बाई, तुमी आमचा चेहरा नाही ना."

काकू पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "अवो, पोरीचं आयुष्य हाय!"

"मी नाही कोठी म्हटलं?" शेटजी खरोखर दुखावले होते. "जाय म्हटलं ना? फक्त सातचं करून जाय म्हटलं."

त्यांना पुरतं ओळखणाऱ्या माणसालाच कळेल की हे ते लबाडीनं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण परवानगी दिली आहे. मला कधी कधी वाटतं, लबाड असते तर बरं होतं. लबाडाला निदान आपण काय हिसकावलं ते ठाऊक असतं.

आता तुम्ही म्हणाल, पोरीनं उठून चालू लागायचं. मी तिला तेच सांगितलं. पिशवी घे, मी स्टँडवर उभी आहे, म्हणाले. मी खरंच जाऊन उभी राहिले, त्या भिंतीसमोर, जिथं ती त्रिकोणाखाली हसत होती. गाडी आली, भरली, कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेली. ती आली नाही. सत्तरनंतरच्या वाशीमात बापाला ओलांडून गाडीत बसणं एवढं सोपं नव्हतं. मी साताऱ्याहून एकटी आले होते म्हणून मला ते सोपं वाटत होतं. तिच्यावर मी कधीच चिडले नाही. सगळा राग मी एकाच माणसासाठी राखून ठेवला आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, मग त्या संध्याकाळकडे येते. रेडिओच्या साहेबांनी ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. त्रिशलाचं लग्न पुढच्या वर्षी मेडशीच्या एका बिजवराशी झालं, किराणा दुकानदार, माणूस वाईट नाही. मानोऱ्याचं गिऱ्हाईक परतलं नाही, दुकान हळूहळू बसलं. अनेक वर्षांनी मेडशीच्या स्टँडवर मला त्रिशला भेटली. अंगानं भरली होती, हातात तेलाचा डबा. माझ्याशी भरभरून नाही, पण बरं बोलली. मी मूर्खासारखं विचारलं, "कधी शाळेत, कार्यक्रमात बोलतेस की नाही गं?"

"नाही बाई. आता मी कोनाले काही सांगत नाही. ज्याले पाह्यजे थो इचारते." गाडी आली आणि ती चढली.

शेटजी शेवटपर्यंत म्हणत राहिले, आमच्या मुलीला नागपूरनं बोलावलं होतं, आम्ही जायला सांगितलं, तीच गेली नाही. गावात खरा टीव्ही आला तेव्हा कुणीतरी कौतुकानं त्यांना बघायला बोलावलं. थोडा वेळ बसले आणि म्हणाले, यांचं चिन्ह नीट नाही.

तर ती रविवारची संध्याकाळ. मी स्टँडवरून परत आले तेव्हा सात व्हायचे होते. खिडकीसमोर नेहमीसारखी गर्दी, पुढे तीच टवाळ पोरं. चौकटीत दिवा लागला. त्रिकोणाची पाटी आली, गेली. पुठ्ठ्याचं घड्याळ आलं, गेलं. पडदा सरकला.

त्रिशला बसली होती. नागपूरसाठी काढलेलं इस्तरीचं पातळ नेसली होती. केसांत फूल नव्हतं. ती समोर बघत होती, आमच्याकडे नाही, आमच्या डोक्यांवरून स्टँडच्या दिशेनं. तोंड मिटलेलं.

लोक थांबले. पडद्यामागून शेटजींचं कुजबुजणं ऐकू आलं, "नमस्कार... नमस्कार, वाशीम केंद्र..." ती हलली नाही. टेबलावर छडी वाजली. टक. पुन्हा टक. टवाळ पोरांपैकी एकानं तोंड उघडलं, पण का कोण जाणे, त्यालाही काही म्हणवेना. तो म्हैसवाला म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, "बोल ना वं पोरी." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही. ओठ मात्र उघडले नाहीत. सबंध रस्ता एका मुलीचं न बोलणं ऐकत उभा होता, आणि बाहेर उभ्या एकेका माणसाला कळत होतं की आत काहीतरी कायमचं मोडलं आहे.

कळलं नाही ते पडद्यामागच्या माणसाला. त्याच्या लेखी कार्यक्रमात अडथळा आला होता, आणि अडथळा आला की काय करायचं हे त्याला चोख ठाऊक होतं. कोटाची बाही चौकटीत आली. शेटजींनी शांतपणे, दोन्ही हातांनी, कडा जुळवून, मुलीच्या चेहऱ्यासमोर पाटी सरकवली. पाटीमागून हुंदका ऐकू आला. पाटी हलू नये म्हणून शेटजी ती घट्ट धरून उभे होते, अक्षरं आमच्याकडे, पाठ स्वतःकडे.

'थोडं थांबा. दोष आमचा आहे.'

रस्त्यावरच्या सगळ्यांनी ती वाचली. शेटजींना त्यांच्या बाजूनं नुसता कोरा पुठ्ठा दिसत होता.